लग्नाला न येण्याचे कारण

लग्नपत्रिका आली की काही घरांतली वडीलधारी माणसे आधीच सांगून टाकतात, "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळतो." एसटीचा लांबचा प्रवास नको, भजनी मंडळाची सहल नको. कारण विचारले की गुडघे पुढे केले जातात. दवाखान्यात बसून मला कळले ते असे, की यांतल्या काहींचे गुडघे ठणठणीत असतात. शौचावर ताबा राहत नाही, हे मात्र सांगवत नाही. 'पोट जरा बिघडलंय' यापुढे जीभ रेटत नाही.

असे लोक असतात तरी किती? अमेरिकेत २००५-०६ च्या राष्ट्रीय आरोग्य-पाहणीत घरी राहणाऱ्या प्रौढांना हा प्रश्न विचारला गेला. गेल्या महिनाभरात असे घडले, असे सांगणारे ८.३ टक्के निघाले. बाराजणांत एक! बायकांत ८.९ टक्के, पुरुषांत ७.७; तेव्हा हे फक्त बायकांचे दुखणे नव्हे. सत्तरीपुढे प्रमाण १५.३ टक्के झाले, पण विशीतही ते २.६ टक्के होतेच.

ताबा राखणारी यंत्रणा मोठी नाजूक आहे. आतल्या स्नायूचे कडे आपोआप आवळलेले राहते, बाहेरचे आपण आवळतो. वायू, पातळ आणि घट्ट यांतला फरक तिथल्या त्वचेला कळतो, याचे मला आजही नवल वाटते. ही यंत्रणा थोडी दुबळी झाली तरी घट्ट मळ ती रोखते. पातळ शौचापुढे हार खाते. म्हणूनच वारंवार पातळ होणे हे या त्रासाचे एक प्रमुख कारण. मधुमेह नसा बोथट करतो. वर मेटफॉर्मिनने काहींना पातळ होते. (गोळी मात्र परस्पर बंद करू नये.) मूळव्याध वा भगंदराच्या शस्त्रक्रियेत स्नायू दुखावला जातो तो वेगळाच.

बाळंतपणाची गोष्ट थोडी लांबची. १९९३ साली लंडनच्या डॉक्टरांनी पहिलटकरणींची सोनोग्राफी केली. नैसर्गिक प्रसूती झालेल्यांपैकी ३५ टक्के जणींच्या या स्नायूला इजा आढळली. बहुतेकींना तेव्हा काही जाणवले नव्हते. चिमटा लावला असेल तर धोका अधिक. पंचविशीतली ती इजा साठीत डोके वर काढू शकते. तेव्हा बाळंतपण कुणाच्या ध्यानात?

म्हाताऱ्या माणसांत उलटेच दिसते. खडा अडकून बसतो आणि त्याच्या कडेने पातळ झिरपते. घरचे जुलाब समजून जुलाब थांबवणारी गोळी देतात, त्याने खडा आणखी घट्ट होतो. बोट घालून तपासले की दोन मिनिटांत उलगडा होतो, पण त्यासाठी आधी कुणीतरी तक्रार सांगायला हवी.

पुष्कळांना साध्या उपायांनी आराम पडतो: इसबगोल, ठरल्या वेळी शौचाला बसणे, गुदद्वाराचे स्नायू आवळण्याचा रोजचा व्यायाम. शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते. शौचातून रक्त पडत असेल किंवा सवय अचानक बदलली असेल, तर मात्र आधी तपासणी.

घरातल्यांनी विचारायचे झाले तर चारचौघांत नको. आईला मुलीने किंवा सुनेने, दुपारी भाजी निवडताना, आवाज न चढवता विचारावे, "संडासापर्यंत पोचेतो धीर धरवतो ना?" प्रश्न असा आला की उत्तर बहुधा येते.