खेळ, कॉलेज, कप्तानी आणि सेवा: आठवड्याची वही कशी लिहायची?

आजचा विषय गल्ल्याचा नाही, पण हिशेबाचाच आहे.

मागच्या महिन्यात वीरमधल्या माझ्या दुकानात एक वहिनी आल्या. सामान बांधून झालं तरी थांबून राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "भाऊजी, पोराचं खेळणं बंद करू का?" पोरगा महाडला कॉलेजात, एस.वाय.बी.कॉम.ला. गावच्या कबड्डी संघाचा कप्तान, कॉलेजात एन.एस.एस.ला, आणि संध्याकाळी वडिलांच्या रिक्षाचा हिशेबही तोच बघतो. पहिल्या सेमिस्टरला एक विषय राहिला आणि घरात भांडण पेटलं. वडील म्हणतात खेळ सोड, पोरगा म्हणतो कॉलेज सोडतो.

मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण हा निर्णय मी स्वतः एकदा चुकवलाय. पुण्यात बीबीए करताना माझे दोन विषय बॅक राहिले. मी खेळ बंद केला. मोकळे झालेले दोन तास अभ्यासाला जातील असं वाटलं होतं. कुठे गेले? कट्ट्यावर! पुढच्या सेमिस्टरला मार्क तेवढेच, वर तब्येत बिघडली आणि मित्रही तुटले. माल विकला जात नाही म्हणून दुकानाचं एक शटर बंद केलं तर भाडं कमी होत नाही ना? तसंच झालं.

म्हणून वहिनींना म्हटलं, "आधी वही लिहू, मग ठरवू."

१. आधी भांडवल मोजा: १६८ तास

प्रत्येकाला आठवड्याला १६८ तास मिळतात, अंबानींना आणि आपल्यालाही. दुसऱ्या दिवशी त्या पोराला बसवलं आणि खर्च लिहून काढला.

झोप रोज ८ तास, म्हणजे ५६. कॉलेज रोज ५ तास, सहा दिवस, म्हणजे ३०. वीर ते महाड जाणं-येणं, गाडीची वाट बघणं धरून ९. जेवण, आंघोळ, बाकीचं रोज ३ तास, म्हणजे २१. सराव रोज २ तास, सहा दिवस, म्हणजे १२. अभ्यास रोज २ तास, म्हणजे १४. घरचं काम १०. एन.एस.एस. सरासरी ३.

बेरीज करा. १५५. शिल्लक १३ तास!

पोरगा खूश झाला. मग मी विचारलं, "मोबाईल किती?" तो म्हणाला, "दोनच तास, दादा." दोन गुणिले सात, १४. झाला एक तासाचा तोटा. आणि हा तोटा कुठून भरला जातो? झोपेतून आणि अभ्यासातून. खेळाच्या खात्यावर ज्याचं नाव लावलं होतं, तो खर्च निघाला दुसऱ्याच खात्याचा. म्हणून सांगतो, वही लिहिल्याशिवाय कुठलंही खातं बंद करू नका.

२. जगात हे कसं करतात?

अमेरिकेत लॅक्रॉस नावाचा खेळ आहे. काठीला जाळी लावलेली असते, त्यात चेंडू झेलायचा आणि गोल करायचा. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये तो सहा-सहा खेळाडूंच्या प्रकारात असणार आहे. तिथल्या कॉलेज खेळांची जी मोठी संस्था आहे, एनसीएए, तिने तिच्या वरच्या गटासाठी नियमच करून ठेवलाय: हंगामात खेळाच्या बंधनकारक कामाला आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, दिवसाला ४ तास, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. तिसऱ्या गटातल्या कॉलेजांत तर खेळावर शिष्यवृत्तीच मिळत नाही. पोरं खेळतात ती शिकता शिकता.

यातून काय घ्यायचं? खेळाला मर्यादा बाहेरून घातलेली असते, खेळाडूच्या मूडवर सोडलेली नसते. आपल्याकडे ती घालणारं कोणी नाही, म्हणून आपणच घालायची.

कोकणात खरा प्रश्न सरावाचा नाही, रात्रीच्या स्पर्धांचा आहे. दिवाळी झाली की गावोगाव मैदानं लागतात. फायनल संपते पहाटे, सोमवारचं पहिलं लेक्चर गेलं. आणि मार्च-एप्रिलला स्पर्धाही जोरात, परीक्षाही तोंडावर. म्हणून त्या पोराने तीन नियम लिहिले: परीक्षेच्या आधी तीन आठवडे रात्रीची स्पर्धा नाही; महिन्यात दोनच बाहेरगावच्या स्पर्धा; आठवड्यातला एक दिवस मैदान बंद.

३. खाशाबांचा हिशेब

आपल्या मातीतलं उदाहरण घ्या. खाशाबा जाधव, कराडजवळच्या गोळेश्वरचे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, आणि त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. आज महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवून पैसे उभे केले आणि प्राचार्यांचं घर सोडवलं. पदक गळ्यात होतं, तरी उधारी विसरले नाहीत. आणि नोकरी? पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले १९५५ मध्ये, म्हणजे पदकानंतर तीन वर्षांनी. ऑलिम्पिक पदकालासुद्धा लगेच घर चालवता आलं नाही, तर आपल्या चषकाचं काय सांगता?

कबड्डीतच बघा ना. चढाई ३० सेकंदांची. समोरच्या गड्याला हात लावला, वाहवा झाली, पण मधल्या रेषेवर परत आलात तरच गुण. पदवी ही ती मधली रेषा आहे.

आणि हे सरकारी नोकरीतही लागू आहे. महाराष्ट्रात खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण पदासाठी लागणारं शिक्षण त्यात माफ होत नाही. प्रमाणपत्र मान्यताप्राप्त स्पर्धेचं लागतं आणि क्रीडा खात्याकडून त्याची पडताळणी करून घ्यावी लागते. गावच्या रात्रीच्या स्पर्धेचा चषक शोकेसमध्ये छान दिसतो, तिथे चालत नाही. म्हणून एक फाईल करा: प्रमाणपत्र, तारीख, स्पर्धेचा स्तर. दुकानाची बिलं ठेवतो तशी.

४. कप्तानी आणि सेवा: ही फुकटची कामं नाहीत

वडिलांचं म्हणणं होतं, "एन.एस.एस.मधून मिळतं काय?" हिशेब सांगतो. दोन वर्षांत २४० तास, म्हणजे वर्षाला १२०, आणि सात दिवसांचं एक शिबिर. आठवड्याला अडीच तासही पडत नाहीत.

आणि मिळतं काय? २०२१ चा जुलै आठवा. २२ तारखेला महाडमध्ये पाणी शिरलं. ओसरल्यावर माझ्या मित्राच्या दुकानात गुडघाभर चिखल, भिजलेली पोती, वास. तो नुसता पायरीवर बसून होता. तेव्हा फावडी घेऊन जी पोरं आली, ती एका कबड्डी संघाची होती. त्यांच्या कप्तानाने दोन मिनिटांत कामं वाटली: चौघं चिखल, दोघं पाणी, दोघं चांगला माल वेगळा. संध्याकाळी दुकानाची फरशी दिसली. मित्र तेव्हा पहिल्यांदा रडला. ती कामाची वाटणी कुठल्या पुस्तकात शिकवत नाहीत. मी आज माणूस कामाला ठेवताना मार्कांआधी विचारतो, "कुठल्या संघात होतास?"

पण कप्तानाने सगळं स्वतः करायचं नसतं. आपला हा पोरगा वर्गणी गोळा करायचा, मॅट आणायचा, टेम्पो ठरवायचा, फोनही तोच करायचा. मी म्हटलं, "तू कप्तान आहेस की हमाल?" वर्गणीची वही एकाकडे दिली, गाडी दुसऱ्याकडे, फोन तिसऱ्याकडे. त्याचे आठवड्याचे चार तास वाचले. आपणही दुकानात हेच चुकतो, सगळ्या चाव्या आपल्याच कमरेला.

आज काय करायचं?

एक वही घ्या. सात दिवस प्रत्येक तास खरा लिहा, मुलाने स्वतःच्या हाताने. मग बेरीज. तोटा कुठल्या खात्यात आहे ते शोधा आणि फक्त तेच खातं आवळा. आईवडिलांनो, तुम्ही वही बघा, पण पेन त्याच्याच हातात राहू द्या.

वहिनींच्या पोराने यंदा एका मोठ्या स्पर्धेला नाही म्हटलं. संघ दुसऱ्याच फेरीत हरला. दोन दिवस तो कोणाशी बोलला नाही. संतुलन म्हणतात ते असं, मंडळी. काहीतरी सोडावं लागतं आणि ते दुखतं. राहिलेल्या विषयाची परीक्षा तो देऊन आलाय, निकाल अजून लागायचाय. पण घरातलं भांडण थांबलंय, आणि वडील परवा स्वतः सराव बघायला मैदानावर आले होते.

वहीचा तक्ता कसा आखायचा ते व्हिडिओत दाखवलंय. आखून बघा, आणि तुमचा तोटा कुठल्या खात्यात निघाला ते मला नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!