हडळ व जखीण : साक्ष कोणाची ?

कोंकणांत बाळंतपणांत मेलेली स्त्री हडळ होते व वासना अतृप्त राहून मेलेली सवाष्ण जखीण होते, अशी समजूत आहे. या संज्ञांत बायकांच्या मरणांचीं कारणेंच सांठलेलीं आहेत. मात्र तीं आम्हांस सांगतो कोण, हें पाहणें अवश्य आहे.

जॅक्सन (मृत्यु १९०९) यांनीं जमविलेल्या सामग्रीवरून एन्थोवेन यांनीं कोंकणच्या लोकसमजुतींचा संग्रह १९१५ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतील बहुतेक माहिती गांवोगांवच्या शाळामास्तरांनीं प्रश्नावलीस उत्तरादाखल धाडिली. गोष्ट मुळांत सुइणीनें सांगितली कीं भगतानें, हें त्यावरून कळत नाहीं. भुतांचे प्रकार व ते घालविण्याचे उपाय तेथें मिळतात. बाळंतपणांत लेक गमावलेल्या आईचे बोल शोधणें कठीण.

हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांच्या परिश्रमानें जमलेल्या, लाखाहून अधिक जात्यावरील ओव्यांच्या संग्रहांत गाणारणीचें नांव व गांव नोंदलेलें आहे. तेव्हां बाईची वाणी टिपतां येत नाहीं, ही सबब टिकत नाहीं.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच : बाडाचा लेखक व शक आपण कसोशीनें टिपतों, तद्वतच हडळीची कथा सांगणारीचें नांव, गांव व प्रसंग टिपावा, आणि तिचे शब्द न सुधारतां उतरावे.