आपली वंशावळ

मुलांनो, तुमच्या दादांचे, म्हणजे आजोबांचे नाव तुम्हांला माहीत आहे. परदादांचे नाव सांगता येईल का? त्यांना भाऊ-बहिणी किती होत्या? वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक मुले गप्प होतात.

घराण्यातील माणसांची पिढ्यांनुसार केलेली मांडणी म्हणजे वंशावळ. उर्दूत तिला शजरा म्हणतात. शजर म्हणजे झाड. आपल्या आधी होऊन गेलेले ते पूर्वज. त्यांच्यापासून पुढे वाढलेले ते वंशज. पूर्वज झाडाच्या मुळांसारखे, तर वंशज फांद्यांसारखे.

हे काम केवळ हौसेचे नाही. माझ्या घरी एकदा त्याची फार गरज पडली. आमचे घराणे पिंजाऱ्यांचे, गाव दारव्हा तालुक्यातले. परदादा कापूस पिंजत आणि गाद्या भरत. थोडी शेतीही होती. धाकट्या बहिणीच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. वडिलांच्या शाळेतील नोंद काढली, तर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले! दादा तर शाळेत गेलेच नव्हते. प्रवेशाची शेवटची तारीख जवळ येत होती. आम्ही निराश झालो.

तेव्हा दादी म्हणाली, "अरे, तुझ्या परदादांना चार मुलं होती. तू एकाच्याच मागे का लागलास?"

आम्ही कागदावर परदादांचे नाव लिहिले आणि खाली चार रेघा ओढल्या. दादांचे थोरले भाऊ कामासाठी दिग्रसला जाऊन राहिले होते. त्यांच्या मुलाचे नाव तेथील शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये सापडले. जात लिहिली होती 'पिंजारी', आणि नोंद १९६७ च्या बरीच आधीची होती. पण तो मुलगा आमच्याच घराण्यातला, हे कसे दाखवायचे? तलाठी साहेबांनी शेताचा जुना फेरफार पाहायला सांगितले. शेतमालक वारला की वारसांची नावे फेरफारात चढतात. तेथे परदादांच्या मृत्यूनंतर चारही मुलांची नावे एकाखाली एक होती. दोन फांद्या एका खोडाला जोडल्या गेल्या. बहिणीला वेळेवर दाखला मिळाला.

वंशावळीसाठी आणखीही कागद उपयोगी पडतात. गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीला आपल्याकडे कोतवाल बुक म्हणतात. तिच्यात वडिलांचे नाव, जात व तारीख असते. पण पुष्कळदा बाळाचे नाव नसते. 'मुलगा झाला' किंवा 'मुलगी झाली' एवढेच असते. काही जुने कागद मोडी लिपीत असतात. ते जाणकाराकडून वाचून घ्यावे लागतात. स्त्रियांचा माग काढणे कठीण असते. तेथे निकाहनामा मदत करतो, कारण त्यात वधूचे आणि तिच्या वडिलांचे नाव असते.

कागद वाचताना सावध राहावे. शाळेत जन्मतारीख १ जुलै असेल, तर ती गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली असू शकते. १९०५ पूर्वी आपल्या जिल्ह्याला वणी जिल्हा म्हणत. १९५० ते १९५६ या काळात विदर्भ मध्य प्रदेशात होता. म्हणून त्या वेळच्या कागदावर 'मध्य प्रदेश' दिसले, तर गोंधळू नका.

असा शोध जगभर चालतो. जर्मनीतील खेड्यांत चर्चच्या वह्यांमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद होत असे. काही वह्या सोळाव्या शतकातील आहेत. साऱ्या जर्मनीत सरकारी नोंद १ जानेवारी १८७६ पासून सुरू झाली. अशा वह्यांवरून काही गावांनी तर आपल्या सर्व कुटुंबांची पुस्तके छापली आहेत. त्यामुळे साध्या शेतकऱ्यालाही आपले अनेक पिढ्यांचे पूर्वज सापडतात. आपल्या देशात जन्म-मृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्याने सक्तीची झाली. त्याआधीचे बरेचसे आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीतच आहे.

म्हणून सुरुवात घरापासून करा. आधी स्वतःचे नाव लिहा. मग आई-वडील, दादा-दादी, नाना-नानी यांची नावे लिहा. त्यांना साल आठवत नसेल, तर घटना विचारा. "बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढे होता?" असे विचारले की वय सांगता येते. मुलांबरोबर मुलींचीही नावे लिहा. जे ऐकले ते आणि जे कागदावर पाहिले ते वेगवेगळे लिहा.

मुलांनो, आमच्या दादी आता नाहीत. त्यांनी सांगितलेली चार नावे आम्ही त्या दिवशी कागदावर उतरवली, म्हणून ती राहिली. तुमच्या घरीही अशी एखादी दादी किंवा नानी असेल. आज शाळा सुटल्यावर वही घेऊन तिच्याजवळ बसा.