माहेरचे दार

मुसलमान स्त्रीची गोष्ट निघाली की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे प्रथम बुरखा उभा राहतो. आम्हीही त्याला अपवाद नव्हतो. परंतु स्वातंत्र्योत्तर काळात या समाजातील लेखिकांनीच लिहिलेले कथावाङ्मय वाचू लागलो, तेव्हा पेच निराळाच असल्याचे ध्यानात आले. ‘मी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर ही स्त्री वस्त्रात शोधत नाही, घरात शोधते.

अतिया हुसेन यांच्या १९६१ सालच्या इंग्रजी कादंबरीतील लैला ही लखनौच्या तालुकदार घराण्यातली पोरकी मुलगी. वडीलधाऱ्यांना न जुमानता ती आपल्या पसंतीने लग्न करते. फाळणीनंतर ती परतते, तो वाडा रिता. एक चुलतभाऊ पाकिस्तानात, दुसरा इकडे.

लैलेपाशी निदान शिक्षण होते. कासरगोडच्या सारा अबूबकर यांच्या ‘चंद्रगिरीच्या तीरावर’ या कन्नड कादंबरीतील नादिरापाशी तेही नाही. तिचा नवऱ्याशी तंटा नाही. बापाच्या हट्टापायी तिचा तलाक होतो! पुढे दोघांना पुन्हा संसार करावासा वाटतो, तर अट पडते: आधी परपुरुषाशी एका रात्रीचा निकाह. ती मशिदीच्या तळ्यात जीव देते. जात्यावरच्या ओव्यांत माहेराचे गोडवे ऐकत वाढलेल्या आम्हांला यातला बापच अधिक बोचला.

हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत नेला, तो तोंडी तलाकाविरुद्ध. सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाक रद्द ठरवला २०१७ साली. कायदा आला २०१९ मध्ये. पण कायद्याचा हात कोठवर पोहोचतो? हासनच्या वकील-लेखिका बानू मुश्ताक यांची मेहरुन पाहा. तिची कथा ज्या संग्रहात आहे, त्या बारा कथांच्या, दीपा भास्ती यांनी इंग्रजीत केलेल्या पुस्तकाला २०२५ साली आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले. मेहरुनला तलाक मिळालेलाच नाही. नवरा दुसरीच्या नादी लागला आहे, इतकेच. ती तान्ह्या मुलासह माहेरी येते. भावांना काळजी पडते घराण्याच्या अब्रूची, आणि ते तिला परत नेऊन सोडतात. त्या रात्री ती अंगावर रॉकेल ओतून घेते. तिला थांबवायला काजी येत नाही, न्यायाधीश येत नाही. थोरली लेक सलमा तान्ह्याला घेऊन धावत येते आणि आईला मिठी मारते.