सिद्धार्थानं घर का सोडलं?

म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी दिसले आणि राजपुत्र सिद्धार्थ राजवाडा सोडून निघाला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कामठीतल्या, नागपूर परिसरातल्या बौद्ध घरांत मात्र आणखी एक गोष्ट सांगितली जाते. तिच्यात आहे पाण्याचं भांडण आणि भर सभेत झालेलं मतदान.

ही गोष्ट बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी दीक्षा घेतली, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि १९५७ साली ग्रंथ छापून आला. प्रस्तावनेतच त्यांनी सरळ प्रश्न टाकला: एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर एकही म्हातारा, एकही मृत्यू पाहिला नसेल, हे पटतं का?

मग त्यांनी गोष्ट मांडली ती अशी. शाक्य आणि कोलीय या दोन गणांच्या मधून रोहिणी नदी वाहायची. शेतीच्या पाण्यावरून मारामारी झाली आणि शाक्य संघाच्या सेनापतीनं युद्धाचा ठराव आणला. संघाचा सभासद असलेला सिद्धार्थ उभा राहिला. दोन माणसं आपली, दोन त्यांची, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निवाडा करावा, असं तो म्हणाला. मतदानात तो हरला. युद्धात सामील व्हायला त्यानं नकार दिला, तेव्हा शिक्षेचा प्रश्न आला. घरच्यांवर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती येऊ नये म्हणून त्यानं स्वतःहून परिव्राजक होऊन देश सोडला. पुढे भांडण मिटल्याची बातमी आली, तरी तो परतला नाही. एक युद्ध टळलं, पण माणसामाणसांतला, वर्गावर्गांतला झगडा तसाच होता आणि त्यावरचं उत्तर त्याला हवं होतं.

रोहिणीच्या वादाची कथा जुन्या पाली परंपरेतही आहे आणि गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी गृहत्यागाचा धागा याच वादाशी आधीच जोडला होता. पण बाबासाहेबांनी त्यातून काय उभं केलं, ते पाहून मन थक्क होतं. जन्म दुःख, जगणं दुःख, मरण दुःख एवढंच धर्म सांगणार असेल, तर तो माणसाची आशाच हिरावून घेतो, ही त्यांची प्रस्तावनेतलीच दुसरी शंका. म्हातारपण कुणाला चुकवता येत नाही. पाण्याचा तंटा माणसांनी उभा केलेला असतो, म्हणून तो माणसांना मिटवता येतो. गोष्टीची सुरुवात बदलली आणि दुःख माणसाच्या हाताच्या टप्प्यात आलं! १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याच्या हक्कासाठी गेलेल्या माणसाला ही नदी जवळची वाटली असणार, असं मला मनापासून वाटतं.

कामठीला ही आशा आधीपासून ओळखीची होती. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करणारे बाबू हरदास एल. एन. इथलेच. विडी कामगारांची संघटना बांधणारा, १९३७ साली प्रांतिक विधिमंडळात निवडून गेलेला हा माणूस १२ जानेवारी १९३९ रोजी अवघ्या पस्तिसाव्या वर्षी गेला.

आणि मग १९९९ साली जपानच्या नोरिको ओगावा यांच्या दानातून, सुलेखा कुंभारे यांच्या पुढाकारानं, इथं ड्रॅगन पॅलेस विहार उभं राहिलं. नावातला ड्रॅगन आपल्याला परका नाही: चीन-जपानच्या बौद्ध कथांत आपले नाग ड्रॅगनच्या रूपात येतात. दीक्षेसाठी नागपूरच का, हे सांगताना बाबासाहेबांनीही धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांची आठवण काढली होती. जपानमध्ये पूज्य असलेल्या सद्धर्मपुंडरीक सूत्रात समुद्रतळाच्या महालातली नागराजाची आठ वर्षांची मुलगी येते. स्त्रीला बुद्धत्व मिळेल कसं, असा संशय बुद्धांचा शिष्य शारिपुत्र घेतो आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती बुद्ध होते.

विहारातली चंदनाची बुद्धमूर्ती पाहायला कामठीला जरूर जा. जाण्याआधी बाबासाहेबांच्या ग्रंथातला पहिला खंड मात्र वाचा. मुलांना मोठ्यानं वाचून दाखवलात तर आणखी चांगलं.