संघांची वाटणी आणि तराजू

मैदानावर फुटबॉल खेळायला दहा मुले जमली, की दोघे पुढे होतात आणि आळीपाळीने एकेक गडी निवडतात. ही पद्धत न्याय्य वाटते. पण ती तशी आहे काय? समजा, दहा जणांच्या कौशल्याला १० पासून १ पर्यंत गुण दिले. पहिल्या संघाला १०, ८, ६, ४, २ असे ३० गुण मिळतील, तर दुसऱ्याला ९, ७, ५, ३, १ असे २५. म्हणजे नाणेफेक जिंकणाऱ्याचे पारडे खेळापूर्वीच जड! शिवाय दर आठवड्याला शेवटी उरणारा मुलगा एकच. काही दिवसांनी तो मैदानावर येईनासा होतो.

तुमच्यापैकी जे संगणकाची आज्ञावली लिहायला शिकत आहेत, त्यांना या अडचणीवर मोबाइलचे एक अ‍ॅप तयार करता येईल. त्याची कामे तीन : हजेरी, वाटणी आणि नोंद.

हजेरी सोपी आहे. ‘येतो’ असे कळवणाऱ्यांची क्रमाने यादी करायची. दहा नावे भरली, की अकरावा प्रतीक्षायादीत जाईल. कोणी गळाला, की त्याला आपोआप निरोप मिळेल.

आता वाटणी. दहांतून पाच जण २५२ प्रकारे निवडता येतात. परंतु एक संघ निवडला, की उरलेल्या पाचांचा दुसरा संघ आपोआप ठरतो. त्यामुळे प्रत्येक वाटणी दोनदा मोजली जाते. वेगळ्या वाटण्या १२६ च. संगणक त्या सगळ्या क्षणार्धात तपासतो आणि गुणांच्या बेरजेत कमीत कमी फरक असणाऱ्या वाटण्या काढतो. वरच्या उदाहरणात २८ आणि २७ अशी वाटणी होऊ शकते. एकूण बेरीज ५५, म्हणजे विषम असल्याने याहून समान वाटणी शक्यच नाही.

पण हे गुण द्यायचे कोणी? येथे आर्पाद एलो यांची युक्ती उपयोगी पडते. ते अमेरिकेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. बुद्धिबळपटूंसाठी त्यांनी बसवलेली गुणपद्धती जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० साली स्वीकारली. २०१८ पासून पुरुषांच्या राष्ट्रीय फुटबॉल संघांची जागतिक क्रमवारीही याच तत्त्वावर ठरते.

प्रारंभी प्रत्येकाला १००० गुण द्या. तुल्यबळ संघांत सामना झाला, तर विजेत्यांपैकी प्रत्येकाला १० गुण मिळतील आणि पराभूतांचे तेवढेच वजा होतील. संघांच्या सरासरीत २०० गुणांचा फरक असेल, तर मात्र बलवान संघाला विजयाबद्दल सुमारे ५ च गुण मिळतील. हरल्यास सुमारे १५ जातील. अपेक्षित निकालाचे मोल थोडे, अनपेक्षित निकालाचे अधिक!

तुम्ही विचाराल, निकाल तर संघाचा. त्यातून एकेकाचे कौशल्य कसे कळणार? एक प्रयोग कल्पा. दहा बंद डबे आहेत. तराजूच्या दोन्ही पारड्यांत पाच-पाच डबे ठेवायचे आणि कोणते पारडे खाली जाते एवढेच पाहायचे. एका तोलण्याने फारसे कळत नाही. पण दर वेळी डब्यांची अदलाबदल केली, तर जड डबा ज्या पारड्यात जाईल ते वारंवार खाली जाईल आणि तो हळूहळू ओळखू येईल. मात्र दोन डबे नेहमी एकत्रच ठेवले, तर त्यांतला जड कोणता हे कधीच समजणार नाही. म्हणून नेहमी एकाच संघात खेळू पाहणाऱ्या जिवलग मित्रांना अ‍ॅपने अधूनमधून समोरासमोर उभे केले पाहिजे.

या पद्धतीत गोल कोणी केला हे विचारलेच जात नाही. अचूक पास देणारा, बचाव सांभाळणारा मुलगा ज्या संघात जातो तो संघ वारंवार जिंकत असेल, तर त्याचे गुण वाढतीलच. आजवर शेवटी निवडला जाणारा गडी कदाचित हाच असेल!

यासाठी अ‍ॅप तयार होईपर्यंत थांबायला नको. एक वही घ्या, दहा नावे लिहा आणि प्रत्येकासमोर १००० मांडा. वीस सामन्यांनंतर सर्वांच्या गुणांची बेरीज करा. ती बरोबर १०,००० च भरेल. असे का, याचा विचार करा.