पणजोबांची शाळा कोणती?

घरांतील जुनी पेटी उघडावी आणि तींत पणजोबांच्या नांवापुढें 'मास्तर' असें लिहिलेला एखादा कागद निघावा, असा योग पुष्कळ कुटुंबांत येतो. त्या एका शब्दावरून काय समजावें? एकोणिसाव्या शतकांतील वऱ्हाडांत शाळा एकाच प्रकारची नव्हती. म्हणून मास्तरहि एकाच प्रकारचा नव्हता.

सर्वांत जुनी शाळा पंतोजींची. ती देवळाच्या ओवरींत किंवा एखाद्या गृहस्थाच्या पडवींत भरे. मुलें धुळपाटीवर अक्षरें गिरवीत, पावकी-निमकी घोकीत आणि मोडी वाचावयास शिकत. पंतोजींना ठराविक पगार नसे. पालक देतील तें धान्य, शिधा व थोडे पैसे हीच त्यांची मिळकत. सरकारी सनद त्यांच्यापाशीं नसे. आयर्लंडांतहि अशाच शाळा कुंपणाच्या आडोशाला किंवा गोठ्यांत भरत. तेथें १८३१ सालीं सरकारी शाळांची योजना सुरू झाली, तेव्हां त्या हळूहळू मागें पडल्या.

वऱ्हाड १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. शिक्षक तयार करण्यासाठीं नॉर्मल स्कुलें काढावीं आणि खाजगी शाळांस मदत द्यावी, हें धोरण १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यांत होतें. तेंच पुढें येथें आलें. १८६६ च्या सुमारास वऱ्हाडांत शिक्षणखातें उभें राहिलें. मग सरकारी मराठी शाळा, मदत घेणाऱ्या खाजगी शाळा आणि अमरावती व अकोला येथील हायस्कुलें अशा पायऱ्या झाल्या. नॉर्मल स्कुलांत उमेदवार विषयाबरोबर शिकविण्याची रीतहि शिकत, आणि परीक्षा उतरल्यावर त्यांस दाखला मिळे. विष्णु मोरेश्वर महाजनी, जे १९०७ च्या पुणें येथील साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले, त्यांची नोकरी वऱ्हाडच्या याच खात्यांत झाली.

तेव्हां पेटींत दाखला किंवा बदलीचा हुकूम सांपडला, तर पणजोबा खात्याचे शिक्षक होते असें समजावें. घराणें अकोल्याहून अमरावतीस कां आलें, याचें उत्तरहि कदाचित् त्या हुकुमांतच असेल. धान्याचा हिशेब तेवढा सांपडला, तर ते पंतोजी असण्याचा संभव अधिक. जुन्या शाळेचें दाखल-खारीज रजिस्टर मिळालें, तर मुलाचें नांव, बापाचें नांव, जात व जन्मतारीख कळते. मात्र ही तारीख पुष्कळदां पालकांनीं अंदाजानें सांगितलेली असे. ती जपून घ्यावी.

एक गोष्ट विसरूं नये. या कागदांत पणजी बहुधा सांपडत नाहीं. मुलींच्या शाळा थोड्या, आणि अस्पृश्य मानलेल्या घरांतील मुलांना तर कित्येक ठिकाणीं वर्गाबाहेर बसावें लागे. ज्यांचें नांव रजिस्टरांत चढलें नाहीं, त्यांचा इतिहास वडील माणसांच्या तोंडींच असतो. म्हणून मोडीचा कागद रद्दींत घालण्यापूर्वीं तो जाणत्याकडून वाचून घ्यावा. आणि आजी आहे तोंवर तिला विचारावें, 'तुझ्या आईला वाचतां येत होतें का?'